दिवसा झोपणारा मुलगा

माझा दवाखाना विलेपार्ल्यात असल्यामुळे विमानतळाशी संबंधित माणसे तपासणीसाठी नेहमी येतात. काही वर्षांपूर्वी पंचाहत्तरीच्या एक काकू आपल्या मुलाला घेऊन आल्या. तो मालवाहू विमानाचा वैमानिक. फेऱ्या बहुतांशी रात्रीच्या. काकूंची तक्रार एकच होती. "डॉक्टर, हा दिवसभर लोळत असतो. अंगात रक्त कमी असेल. परवा माझ्या झोपेच्या गोळीतली अर्धी देऊ केली, तर तीही घेईना."

गोळी घेतली नाही हे उत्तमच झाले. दुसऱ्याची झोपेची गोळी कोणीच घेऊ नये, आणि ज्याला विमान चालवायचे आहे त्याने तर मुळीच नाही. रक्त तपासले, हिमोग्लोबिन 14. मग मी त्याची दिनचर्या विचारली. सकाळी 9 वाजता अंथरुणावर. 10 वाजता कचरेवाल्याची घंटा, 11 वाजता कुकरच्या शिट्ट्या आणि 1 वाजता काकूंची हाक : उपाशीपोटी झोपू नये, दोन घास खाऊन घे! आईच्या मायेपुढे कॅप्टनसाहेब कधी ब्रही काढत नसत. पदरी पडत होती ती तुकड्यातुकड्यांची तीन-चार तासांची झोप.

मी काकूंना सांगितले, की आपल्या मेंदूत एक घड्याळ असते आणि डोळ्यांत शिरणारा उजेड ते रोज लावत असतो. पहाटे 2 ते 6 ही शरीराची सर्वांत मंद वेळ. रात्रभर जागून सकाळी आडव्या झालेल्या माणसाला हेच घड्याळ उठवू पाहते. त्यामुळे दिवसाची झोप मुळातच उथळ आणि तोकडी. त्यात घंटा वाजली की संपलेच. 22 मे 2010 रोजी सकाळी दुबईहून आलेले विमान मंगळूरला धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले आणि 158 जण मृत्युमुखी पडले. मुख्य वैमानिक त्या प्रवासात दीड तासाहून अधिक काळ झोपले होते, असे चौकशीत दिसून आले. जाग आल्यानंतरही काही काळ मेंदूवर गुंगी राहते, तिचाही विचार त्या अहवालात झाला होता. हे ऐकून काकू गप्प झाल्या.

आता कॅप्टन बोलू लागले. रात्रीच्या फेरीआधी दुपारी दीड तास झोप. कॉफी मध्यरात्रीपर्यंतच, कारण पाच-सहा तासांनंतरही तिचा निम्मा अंमल उरतो. परतताना डोळ्यांवर गडद चष्मा, आणि गाडी स्वतः चालवायची नाही. "झोपसुद्धा ड्यूटीच्या तक्त्यात लिहावी लागते, डॉक्टर. दमलेल्या माणसाला आपण किती दमलोय ते कळत नाही."

जाता जाता त्यांनी सहज विचारले, "तुम्ही सलग सहा तास शेवटचे कधी झोपलात?"

मला उत्तर देता येईना. त्या वेळी माझे वडील अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले होते. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायला मी उठत असे आणि 9 वाजता दवाखान्यात हजर. त्याच आठवड्यात पहाटे साडेपाचला मी त्यांचे इन्सुलिन सिरिंजमध्ये भरले होते. दीर्घकाळ चालणाऱ्या इन्सुलिनऐवजी तत्काळ काम करणारे. बाटलीचे टोपण परत लावताना त्याचा रंग डोळ्यांत भरला, म्हणून निभावले. एवढी मात्रा तशीच टोचली असती, तर साखर कुठवर उतरली असती याचा हिशेब मला चांगलाच ठाऊक होता. गंमत अशी, की तेव्हा मला झोप आल्यासारखे जरासुद्धा वाटत नव्हते.

मी ही गोष्ट घरात कोणालाही सांगितली नव्हती. त्या रात्री सांगितली. धाकट्या बहिणीने रात्र वाटून घेतली : 10 ते 3 ती, 3 नंतर मी. वडिलांच्या मधुमेहतज्ज्ञांना विचारून इन्सुलिनची वेळ पहाटेवरून सकाळी 8 वर नेली आणि सिरिंज दोघांनी पाहिल्याशिवाय टोचायची नाही, असे ठरले. बहिणीने दोनदा मला परत पाठवले; एकदा तिचे बरोबर होते.

काकू पुढे रक्तदाब तपासायला येत राहिल्या. दाराच्या घंटेतले सेल त्यांनी काढून ठेवले होते, जेवणाचा डबा टेबलावर झाकून ठेवत आणि कुकर संध्याकाळी लावत. एकदा त्या माझ्याशी अगदी हळू आवाजात बोलू लागल्या. घसा बसलाय का, म्हणून मी विचारले.

"छे हो," त्या हसल्या, "तो घरी झोपलाय ना, सवयच लागली."