क्रोधाच्या दिवसाचे गीत

काही नावे कानी पडताच आपला हात आपोआप क्रुसाची खूण करण्यासाठी कपाळाकडे जातो. 'डेमॉनिक रेझरेक्शन' हे त्यांपैकी एक. ज्या पुनरुत्थान शब्दाने आपण ईस्टरची पहाट ओळखतो, त्यालाच दैत्य जोडून मुंबईतील काही तरुणांनी २००० साली आपल्या वाद्यवृंदाचे हे बारसे केले आणि त्याच वर्षी आपला पहिला गीतसंग्रह काढला. संग्रहाचे नाव 'डेमनस्टीलर'. वृंदाचा प्रमुख गायक व गिटारवादक साहिल मखिजा याने हेच टोपणनाव स्वतःसही घेतले आहे. दैत्य चोरणारा, की चोरी करणारा दैत्य, याचा उलगडा मला झालेला नाही. परंतु पहिला अर्थ घेतला तर हे नाव तितकेसे वाईट नाही!

हा संग्रह गणेशगुडीस माझ्या भाचीच्या घरात मोबाईलवाटे शिरला. काळी नदी अडवून उभी असलेली सुपा धरणाची १०१ मीटर उंचीची भिंत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे गाव ठाऊक असेल. जुने सुपा गाव त्या भिंतीमागे पाण्याखाली गेले. भाचीचे यजमान तेथल्या वीजघरात कामाला होते. गेल्या पावसाळ्यात एका रात्री हृदयविकाराने ते गेले. मुलगा एकोणीस वर्षांचा. अंत्यविधीत त्याच्या डोळ्यांतून एक टिपूस आले नाही, आणि पुढे पुढे तो जेवतानादेखील कानांतली ती यंत्रे काढीनासा झाला. "मामा, तुम्ही चर्चमध्ये पेटी वाजवता. तुमचे तो ऐकेल. त्याच्या कानात सैतान बसला आहे," असा भाचीचा निरोप आला, तेव्हा मला जाणे प्राप्तच होते.

न ऐकता निवाडा देणे मला प्रशस्त वाटेना. मी ती यंत्रे मागून घेतली आणि संग्रह ऐकावयास बसलो. वाचकहो, प्रामाणिकपणे सांगतो, मला तो आवडला नाही. कंठाच्या तळातून काढलेली गुरगुर, दोन्ही पायांनी बडवलेला ढोल, गिटारीच्या तारेवर एकच स्वर अतिवेगाने छेडीत राहणे, ही या संगीताची रीत. ध्वनिमुद्रणही कच्चे. परंतु पेटीवाल्याचा कान लबाड असतो. आवड नसली तरी तो मोजू लागतो. इतक्या वेगात ताल सांभाळणे हे आळशी मुलांचे काम नव्हे, एवढे मला तिसऱ्या गाण्याच्या आतच मान्य करावे लागले.

मी चौकशी केली. अशा संगीताला त्या काळी आपल्याकडे मोठ्या कंपन्यांचे पाठबळ नव्हते, म्हणून मखिजांनी पुढे स्वतःचीच प्रकाशनसंस्था उभारली. २००५ साली दुसरा संग्रह आला, २०१० साली तिसरा, आणि २०१७ साली तर दशावतारांवर एक. मुंबईत अशा वाद्यवृंदांचे आवडते स्थान म्हणजे धोबी तलावचे रंगभवन. आपल्या येशूसंघीय फादरांच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या अगदी शेजारी! शांतता-क्षेत्राच्या नियमामुळे तेथले जलसे नंतर बंद पडले. आणि ज्या गृहस्थाच्या नावाने भाचीची झोप उडाली होती, तो इंटरनेटवर स्वयंपाकाचे पाठही देतो. हे ऐकून ती माउली पहिल्यांदा हसली.

"पण मामा, ते सूरच सैतानाचे असतात म्हणे," ती म्हणाली. त्यात थोडे तथ्य आहे, आणि पुष्कळशी दंतकथा. पाश्चात्त्य संगीतशास्त्रात मध्यम आणि निषाद यांच्यातील अंतराला 'संगीतातला सैतान' असे जुने नाव आहे. चर्चने त्यावर बंदी घातली होती ही गोष्ट पुष्कळ ठिकाणी छापलेली आढळते. तिला पुरावा नाही. इंग्लंडच्या 'ब्लॅक सॅबथ' या वृंदाने १९७० साली आपल्या पहिल्याच संग्रहाच्या पहिल्या गाण्यात हे अंतर वापरले, आणि या घराण्याच्या संगीतात ते रुजले. आता गंमत पहा. षड्जापासून तीव्र मध्यमापर्यंत तेवढेच अंतर आहे. संध्याकाळी कोणी यमन आळवू लागला, की तोच तीव्र मध्यम ऐकून आपण दिवा लावतो!

खरी गोष्ट मला रात्री जेवणानंतर समजली. मुलगा ओट्यावर बसला होता. मी विचारले, "यांचे पुढले संग्रह अधिक सफाईचे आहेत असे म्हणतात. मग तू हा पहिलाच का धरून बसला आहेस?"

तो म्हणाला, "आजोबा, पुढे त्यांना सगळे येऊ लागले. यात अजून येत नाही, तरी ओरडतात." मग बऱ्याच वेळाने म्हणाला, "पप्पा गेले तेव्हा सगळे मला म्हणाले, शांत राहा. देवाची इच्छा. आईला सांभाळ. ओरडायला कोणी सांगितले नाही."

यावर मी काय बोलणार? मला माझे बालपण आठवले. मृतांच्या मिस्सात तेव्हा लॅटिनमधून 'दिएस इरे' गायले जाई, म्हणजे 'क्रोधाचा दिवस'. तेराव्या शतकातील ते पद थॉमस ऑफ सेलानो या फ्रान्सिस्कन साधूचे, असे परंपरा मानते. काळी वस्त्रे ल्यालेले फादर, पिवळ्या मेणबत्त्या आणि तो खालून चढत येणारा सूर! आम्हां मुलांच्या अंगावर काटा येई आणि मोठी माणसे मोकळेपणी रडत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७० च्या नव्या मिस्साग्रंथात ते मृतांच्या मिस्सातून वगळले गेले, जेणेकरून पुनरुत्थानाची आशा ठळक व्हावी. हेतू उत्तम होता. परंतु आमच्या पिढीला भयाचे एक गाणे चर्चच्या आत मिळत होते. या मुलाला ते मिळाले नाही, म्हणून त्याने ते मुंबईच्या मुलांकडून आणले.

मी त्याला 'दिएस इरे' मोबाईलवर शोधावयास सांगितले. त्याने ते दोनदा ऐकले आणि अर्थ विचारला. अर्थ सांगता सांगता माझाच आवाज गेला. तेव्हा त्याने माझा हात धरला आणि मग तो रडला. भाची आतून धावत आली. ती दारातच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी निघताना मी तिला सांगितले की संगीत राहू दे, मात्र आवाज निम्मा कर आणि रात्री दहानंतर ती यंत्रे तुझ्या उशाखाली ठेव. कान एकदा गेले की परत येत नाहीत. पुढल्या महिन्यात वर्षश्राद्धाची मिस्सा आहे. मुलाने ते लॅटिन पद वहीत उतरवून घेतले आहे, आणि मिस्सा संपल्यावर कबरीपाशी ते म्हणता येईल काय, असे आमच्या फादरांना विचारण्याचे काम माझ्याकडे दिले आहे.