उशाशी तांब्या

आमच्या बोरीत म्हातारपण अजून ओसरीवरच असते. शेजारच्या आजींचे दोन्ही मुलगे पुण्याला. श्रावणबाळ योजनेचा पगार २०२३ साली १००० चा १५०० रुपये झाला. पण अंगठ्याच्या रेषा खुरप्याने झिजलेल्या, यंत्र त्यांना ओळखतच नाही! आईबापांना सांभाळण्याचा २००७ चा कायदा मी समजावून सांगितला, तर म्हणाल्या, “गुरुजी, पोटच्या लेकरावर अर्ज करू का आता?”

भाकरी गल्लीतून येते. तिची चिंता नाही. प्रश्न रात्रीचा. खाटेला खिळलेल्या माणसाची कूस कोण बदलणार? समोरच्या सालगड्याची बायको दिवसभर कापूस वेचून येते, आजींच्या उशाशी तांब्या भरून ठेवते आणि तिथेच अंथरूण टाकते. तिच्या नावाचा रकाना कुठल्याच कागदावर नाही.