गुळाआधी चुना

जुन्या गिलाव्याचा टिकाऊपणा त्यात कालवलेल्या गुळात, हिरड्यात आणि बेलफळाच्या गरात आहे, असं मी बरीच वर्षं मानत होतो. आमच्या उमेळ्यातल्या किंवा वसईच्या जुन्या घरांचा विषय निघाला की आधी हीच यादी सांगायचो. आज माझं मत तसं राहिलेलं नाही.

मत बदलायला वेरूळ-अजिंठा कारणीभूत झालं. राजदेव सिंह आणि मिलिंद सरदेसाई यांचं संशोधन २०१६ साली 'करंट सायन्स'मध्ये आलं. वेरूळच्या १२व्या लेण्यातल्या मातीच्या गिलाव्यात त्यांना भांगेच्या झाडाचे तंतू सापडले. शेकडो वर्षं हा गिलावा किडीला पुरून उरला. वाचताना वाटलं, आपलंच म्हणणं सिद्ध झालं! पण त्याच संशोधनात अजिंठ्याचीही गोष्ट आहे. तिथल्या गिलाव्यातही भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू आहेत, मात्र भांग नाही; आणि तिथल्या चित्रांचं किडीनं मोठं नुकसान केलं. म्हणजे नुसतं 'सेंद्रिय' म्हणून भागत नाही. एका भिंतीत जो आधार ठरतो, तोच दुसऱ्या भिंतीत किड्यांचं अन्न होतो.

मग आपल्या गावाकडे त्या नजरेनं पाहू लागलो. इथली हवा खारी, पाऊस चार महिने. मातीच्या भिंतीत शेण, तूस, ताग हवेतच. माती वाळताना तडकू नये म्हणून तंतू तिला धरून ठेवतात. पण त्याच भिंतीत ओल मुरू लागली की बुरशी आणि वाळवी आलीच. तिथं पागोळी बाहेर नेणारं रुंद छप्पर आणि उंच जोतं हे कुठल्याही मिश्रणाहून मोलाचं.

चुन्याचं गणित वेगळं. कळीचा चुना पाण्यात नीट विरवला, मुरवला, वाळूबरोबर चुन्याच्या घाण्यात मळून घेतला, की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत तो हळूहळू पुन्हा दगड होतो. मुख्य काम हेच. गुळातली साखर चुना पाण्यात जास्त विरघळवते आणि घट्ट होणं लांबवते. गवंड्याला थापी फिरवायला सवड मिळते. चीनमध्ये चुन्यात चिकट तांदळाची पेज घालत. त्यातल्या स्टार्चमुळे चुन्याचे स्फटिक बारीक आणि दाट बनतात, असं तिथल्या संशोधकांनी दाखवलं आहे. ही मदत खरी आहे, मोलाची आहे. पण कच्च्या विरवलेल्या चुन्याला गूळ वाचवत नाही. आणि गूळ जास्त झाला तर गिलावा घट्टच होत नाही. सिमेंटमध्ये तर थोडी साखरही नडते, म्हणून 'परंपरा' म्हणून सिमेंटच्या मालात गूळ टाकणं हे मला आता धोक्याचं वाटतं.

घाण्यावर चुना मळणाऱ्यांचं कसब वाटीभर हिरड्यात नव्हतं. चुना किती दिवस मुरवायचा, वाळू किती खारी, ऊन किती कडक, यावर ते पाणी आणि मिश्रण ठरवत. आपण त्यांची यादी जपली आणि ही पारख हरवू दिली, याचं मला मनापासून दुःख होतं.

उमेळ्यात किंवा आसपास कुणी जुनं घर दुरुस्त करणार असेल, तर त्यांना माझी विनंती आहे. चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापू नका; ओल आत कोंडते आणि लोणा फुटतो. आधी छप्पर आणि जोतं पाहा. मुरवलेला चुना आणि धुतलेली वाळू घ्या. गूळ-हिरडा घालायचाच असेल तर एका कोपऱ्यात हातभर नमुना लावा, त्याच्यावरून एक पावसाळा जाऊ द्या आणि मगच सगळ्या भिंतीला हात घाला.