टक्

मोटार जुनी असली की तिच्या आवाजांकडे कुणी फारसं लक्ष देत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांचं खोकणं-खाकरणं आपण जसं ऐकून न ऐकल्यासारखं करतो, तसंच ते. पण जिच्या सीटवरचं प्लॅस्टिक सौभाग्यवतीने अजून काढू दिलेलं नाही, जिच्या ८४ हप्त्यांपैकी पाचच भरून झाले आहेत, अशा गाडीतून एके दिवशी ‘टक्’ असा आवाज येतो, तेव्हा मालकाच्या छातीत त्याच्या दुप्पट आवाज होतो.

आमच्या गाडीतला पहिला टक् मी मुलुंडच्या पाच रस्त्यावर ऐकला. गाडी दसऱ्याला घेतलेली, म्हणजे पुरती सहा महिन्यांचीही नव्हती.

“ऐकलंस?” मी विचारलं.

“तुमचा गुडघा असेल,” सौभाग्यवती म्हणाली.

गुडघा नव्हता. घरी येऊन मी पाय दहादा वाकवून खात्री करून घेतली.

दुसऱ्या दिवशी ही बातमी सोसायटीत फुटली. कशी फुटली ते सांगत नाही, कारण ती मीच फोडली होती. आमच्या सोसायटीत पाण्याचा पंप बिघडला तर फिरकायला माणूस मिळत नाही, पण दुसऱ्याची नवी गाडी बिघडली म्हटल्यावर अर्ध्या तासात बॉनेटभोवती सात जण जमले. तळमजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर म्हणाले, “सस्पेन्शन.” ते बँकेत असताना हा शब्द वेगळ्या अर्थाने वापरत, पण आवाजात जरब तीच. दुसऱ्या मजल्यावरच्या कच्छी शेजाऱ्यांनी कितीला घेतली ते विचारलं आणि आकडा ऐकून एवढंच म्हणाले, “मग आवाज तर येणारच.” एका कॉलेजकुमाराने टायरच्या नक्षीत खडा अडकला असणार असं छातीठोक सांगितलं. हा तर्क मला आवडला, कारण तो फुकटात सुटणारा होता. पण मी हिशेब केला. चाकाचा घेर पावणेदोन मीटरच्या थोडा वर; ताशी २० किलोमीटरने गाडी सेकंदाला साडेपाच मीटर जाते; म्हणजे खडा असता तर सेकंदाला तीन टक् यायला हवेत. आमचा टक् एकदा यायचा, मग दोन मिनिटं गप्प. शाळेत गणितात काठावर सुटलेल्या माणसाने एवढा हिशेब करावा, यावरून माझ्या मनःस्थितीची कल्पना यावी.

शेवटी गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. तिथे हल्ली मेकॅनिक दिसत नाही; पांढरा शर्ट घातलेला, हातात टॅब्लेट घेतलेला एक सल्लागार दिसतो. तो माझ्याबरोबर गाडीत बसला. आम्ही एल. बी. एस. मार्गावरून भांडुपच्या दिशेने गेलो. म्हणजे जायला निघालो. वीस मिनिटांत जेमतेम एक किलोमीटर झालं आणि गाडीतून टक् सोडा, हूं की चूं नाही. शाळा तपासायला साहेब आल्यावर वर्गातलं सर्वांत द्वाड पोर जसं हाताची घडी घालून बसतं, तशी ती बसली होती.

“सर, आवाज येत नाहीये,” सल्लागार म्हणाला.

“इथे येत नाहीये. घराजवळ येतो.”

त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी यापूर्वी फक्त डॉक्टरांच्या चेहऱ्यावर पाहिली होती. मग गाडी वर उचलली, खालून विजेरी मारली, चार नट आवळले आणि बिल आलं १,१८० रुपयांचं. त्यातले १८० जीएसटीचे. न आलेल्या आवाजावरही कर असतो.

परत येताना आमच्या गल्लीत वळलो. टक्.

या सगळ्या प्रकारात अण्णांना कुणी काही विचारलं नव्हतं. अण्णा म्हणजे माझे वडील, वय ८३. १९६३ पासून १९९८ पर्यंत ते कुर्ल्याला प्रीमियरमध्ये होते. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली ती प्रीमियर ऑटोमोबाइल्स, फियाट आणि नंतर पद्मिनी बनवणारी. अण्णा बॉडी शॉपमध्ये. पस्तीस वर्षं पत्रे ठोकता-ठोकता त्यांनी किती गाड्यांना आकार दिला कोण जाणे, पण कान मात्र तिथेच ठेवून आले. आता त्या जागेवर कोहिनूर सिटी उभी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी कायमची गेली, त्या रात्री अण्णा नुसतं दूध घेऊन झोपले.

कानाला यंत्र आहे; ते बहुतेक वेळ टेबलाच्या खणात असतं. त्यामुळे आमच्या घरात एक सवय पडली आहे. अण्णांना ओरडून सांगायचा कंटाळा, म्हणून सांगायचंच नाही. गाडी कुठली घ्यायची हे माझ्या मुलाने मोबाइलवर ठरवलं. रंग सौभाग्यवतीने निवडला. अण्णांना गाडी दाखवली ती थेट पूजेच्या दिवशी, नारळ फोडायला. त्यांनी बॉनेटवर बोटाचं पेर वाजवून पाहिलं होतं आणि काही बोलले नव्हते. मोटार घडवण्यात जन्म गेलेला माणूस घरात असताना मी खड्ड्याचं निदान बँक मॅनेजरकडून करून घेत होतो, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

रविवारी सकाळी अण्णाच चपला घालून दारात उभे राहिले. “चल, गाडी काढ.”

“अण्णा, आवाज फार बारीक आहे. तुम्हाला ऐकू—”

“मला ऐकायचा नाहीये. तू चालव.”

पुढच्या सीटवर बसून त्यांनी डॅशबोर्डवर, काचेच्या अगदी मुळाशी, डाव्या हाताचा तळवा ठेवला आणि डोळे मिटले. नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे. मग हुकूम सुरू झाले. उभ्या गाडीत इंजिन रेस कर. काही नाही. गतिरोधकावरून जोरात घे. काही नाही. चाक पूर्ण वळवून हळू फिरव. कट-कट-कट असं लागोपाठ आलं तर ॲक्सलचा सांधा. तेही नाही. “आता डावीकडे वळ.”

टक्.

“आलं,” अण्णा म्हणाले. त्यांना ते तळव्याला लागलं होतं. “परत डावीकडे.”

काही नाही.

“आता उजवीकडे.”

टक्.

मुलुंड पश्चिमेचे स्टेशनपासून पाच रस्त्यापर्यंतचे रस्ते १९२२ मध्ये क्राऊन अँड कार्टर या वास्तुरचनाकारांनी चौकटीत आखले. शंभर वर्षांनी एक म्हातारा त्या चौकटींतून डावी-उजवी वळणं घेत सुपडा चाळतोय, असं त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल. एल. बी. एस. मार्गावर टक् का आला नाही, ते मला तेव्हा कळलं. तिथे वळायला मिळतंच कुठे?

“ढिला पार्ट असता तर दर वळणाला बोलला असता,” अण्णा म्हणाले. “हे एकदा बोलून गप्प बसतं. म्हणजे जागा बदलतं. गोल आहे. आणि काचेखालच्या पन्हळीत आहे. घरी घे.”

घरी आल्यावर त्यांनी माळ्यावरची हत्यारांची पेटी काढायला लावली. चौदा नंबरच्या पान्याने वायपर सोडवले, काचेखालचं काळं प्लॅस्टिक अलगद उचललं. वॉरंटीचं काय होईल, असं मी म्हणालो. सुदैवाने ते त्यांना ऐकू गेलं नाही. पन्हळीच्या उजव्या टोकाला, सुकलेल्या पानाच्या आड, एक सुपारी होती. अंगावर हळदकुंकू तसंच. दसऱ्याला बॉनेटवर गणपती म्हणून मांडलेली. बॉनेट उघडलं तेव्हा मागच्या फटीतून घरंगळली असणार.

सोसायटीतले सातही जण हजर होते. बँक मॅनेजर म्हणाले, “मी म्हणालोच होतो, सस्पेन्शनचं नाही.” सौभाग्यवतीने सुपारी पदरात घेतली आणि गणपती पाच महिने पाण्यावाचून राहिला म्हणून मलाच बोलली. अण्णांनी प्लॅस्टिक बसवलं, वायपर आवळले, बॉनेट लावलं आणि पेराने पुन्हा एकदा वाजवून पाहिलं. “पत्रा पातळ आहे,” म्हणाले, “पण काम स्वच्छ केलंय पोरांनी.”

पुढचे दोन रविवार गाडी अगदी मुकाट चालली. अण्णा सकाळी चपला घालून दाराशी यायचे, “काही आवाज?” विचारायचे, मी नाही म्हणालो की चपला काढून आत जायचे. तिसऱ्या शनिवारी रात्री मी खाली गेलो आणि डिकीतल्या जॅकचा स्क्रू चार आटे सैल करून ठेवला.

रविवारी दुसऱ्या गतिरोधकालाच अण्णांनी तळवा उचलला. “जॅक.”

“असं होय?” मी म्हणालो.

“हो. आणि तो आपोआप सैल होत नाही,” अण्णा म्हणाले. “पुढून उजवीकडे घे. चहा पिऊन जाऊ.”