मेण भरलेलं बोळकं

निफाडची माती द्राक्षाला मानवते, कांद्याला मानवते, गव्हाला तर फारच. कुंभाराला मात्र ती सहजी वश होत नाही. काळी, चिकट, भिजली की फुगणारी, वाळताना आकसून तडकणारी. तिच्यात राख, बारीक रेती, लीद मिसळायची, पायांनी तुडवायची, हाताला लागेल तो खडा वेचून टाकायचा. गोदावरी-कादवेच्या संगमावर नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यामागे असाच गाळ शंभर वर्षांहून जास्त काळ साठत आलाय. गाळाच्या बेटांवर पाखरं उतरली आणि ती जागा पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली, महाराष्ट्रातली पहिली.

कुंभाराचं वर्ष सणांवर चालतं. संक्रांतीची सुगडं, आखाजीची घागर, उन्हाळ्यातले माठ, पोळ्याचे बैल, नवरात्रातले घट, दिवाळीच्या पणत्या नि बोळकी. मधले दिवस चाक उभंच. पूर्वी बलुत्याचं धान्य त्या दिवसांत घर चालवायचं. बलुतं गेलं, माठाची जागा फ्रिजने घेतली, आणि साच्यातल्या पणत्या गाड्या भरभरून येऊ लागल्या. मेण भरलेलं बोळकं मला आवडतं ते म्हणूनच. ते सणाची वाट बघत नाही. वाढदिवसाला लागतं, लग्नात लागतं, कुणी उगाचच संध्याकाळी लावतं, आणि तेवढ्याने चाक फिरतं.

पण ते करणं पणतीइतकं सोपं नव्हे. नवी पणती आपण पाण्यात भिजत घालतो, म्हणजे ती तेल पीत नाही. मेणाचं नेमकं उलटं. आव्यातून निघालेलं बोळकं अगदी कोरडं हवं. भिंतीत ओल राहिली तर मेण धरत नाही, ज्योत तडतडते. मधोमध वात सरळ धरून मेण हळू ओतायचं. निवताना ते आकसतं, वातीभोवती खळगा पडतो, म्हणून थोडं मेण राखून ठेवून दुसऱ्यांदा ओतायचं.

आणि निफाडची थंडी! कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा उतरला की द्राक्षबागांतून शेकोट्या पेटतात. अशा रात्री मेण झपाट्याने गोठून भिंतीपासून सुटतं.

"आधी बोळकं चुलीपाशी कोमट करायचं, भाऊ," एक कुंभार मावशी म्हणाल्या होत्या, "मग मेण. गार भांड्यात ओतलं की सोडून देतं." बोलता बोलता त्या बोळक्याच्या काठावरून अंगठा फिरवत होत्या. तडकलेलं एक त्यांनी बाजूला ठेवलं. मला त्यात काहीच दिसलं नव्हतं.

ही नजर विकत घ्यायची, तर तिचा भाव द्यायला हवा. रिकामं बोळकं डझनावर जातं. मेण, वात, थोडा सुगंध घातला की शहरातल्या दुकानात त्या एकाच नगाला डझनाच्या वर पैसे पडतात. मेण शहरातच भरलं जात असेल, तर कुंभाराच्या वाट्याला पुन्हा डझनाचाच दर. भरणं, वात लावणं, बांधणी हे सगळं त्याच्या ओसरीवर झालं, तर मधला पैसा घरातल्या बायकांच्या हाती पडेल. जळून संपलेलं बोळकं परत घेऊन पुन्हा भरून देण्याचं कामही तिथंच राहील.

खोक्यावर 'गरजू कारागिरांच्या मदतीसाठी' असं छापलेलं दिसलं की मला वाईट वाटतं. ज्या हातांना मातीतली तडक दिसण्याआधी कळते, त्यांच्या वस्तूवर दयेची चिठ्ठी कशाला? तिथं गावाचं नाव छापा, करणारीचं नाव छापा आणि खाली तिला मिळालेला दर.