शापाचा पडताळा

जयलक्ष्मीपुरम, म्हैसूर

चि. बाळ यास मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझे सविस्तर पत्र पावले, आणि ताईचेही त्याच टपालाने आले. भाऊजी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घ्यावयास राजी नाहीत. गल्लीतील एका गृहस्थांची दृष्टी शस्त्रक्रियेनंतर गेली हा एकच दाखला ते पुनःपुन्हा पुढे करतात. आणि तू तर्कदोषांची यादी हाती घेऊन त्यांच्या प्रत्येक वाक्याला एकेका दोषाचे नाव देतोस, त्यामुळे बापलेकांचे बोलणेच खुंटले आहे, असा दोन्ही पत्रांचा मथितार्थ दिसतो. विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून इथल्याच एका गोष्टीपासून सुरुवात करून जरा विस्ताराने लिहितो.

म्हैसुरात राजघराण्याचा विषय निघाला की अलमेलम्मेच्या शापाची गोष्ट निघाल्यावाचून राहत नाही. १६१० मध्ये राजा वडेयरांनी विजयनगरच्या प्रतिनिधीकडून, तिरुमलरायाकडून, श्रीरंगपट्टण घेतले. पुढे त्याची पत्नी अलमेलम्मा हिच्याजवळच्या अलंकारांसाठी राजाची माणसे तिच्या मागे लागली, तेव्हा तळकाड वाळूने भरेल, मालंगीला डोह पडेल आणि म्हैसूरच्या राजांना संतती होणार नाही, असा तिहेरी शाप देऊन तिने कावेरीत उडी घेतली, अशी ही आख्यायिका आहे. सांगणारा लगेच पुरावा मांडतो: तळकाडची देवळे आजही वाळूत गाडलेली दिसतात, मुम्मडी कृष्णराजांना १८६५ मध्ये दत्तक घ्यावा लागला, नाल्वडी कृष्णराज १९४० मध्ये निपुत्रिक वारले, श्रीकंठदत्त २०१३ मध्ये तसेच गेले आणि २०१५ मध्ये पुन्हा दत्तविधान झाले. एवढे दाखले ओळीने कानावर पडले की भल्या विद्वानाचीही मान डोलू लागते.

आता दुसऱ्या पक्षाची कैफियत ऐक. माझ्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर, मानसगंगोत्रीच्या आवारात, १९०५ साली बांधलेला जयलक्ष्मी विलास हा भव्य प्रासाद उभा आहे. ज्यांच्यासाठी तो बांधला त्या राजकुमारी जयलक्ष्मम्मण्णी १८६५ मध्ये दत्तक घेतलेल्या चामराजेंद्र वडेयरांच्या थोरल्या कन्या, आणि नाल्वडी कृष्णराज चामराजेंद्रांचेच पुत्र. म्हणजे ज्या राजाचे दत्तविधान शापाच्या पुराव्यात मोजले जाते, त्याच राजाच्या घरी मुले खेळत होती. हे दाखविले की उत्तर तयार असते: शाप एकाआड एक पिढीला लागतो! परंतु आख्यायिकेतील शापाच्या शब्दांत ही सवलत कोठेच नाही. प्रतिकूल दाखला समोर येताच ती मागाहून घातलेली आहे. आणि ही सवलत मान्य केली तरी निभाव लागत नाही, कारण शिवछत्रपतींचा समकालीन चिक्कदेवराज १७०४ मध्ये वारल्यावर त्याचा पुत्र कंठीरव गादीवर आला, आणि १७१४ मध्ये कंठीरवाचा पुत्र कृष्णराज. बापामागे मुलगा आणि मुलामागे नातू, असा औरस वारसा मध्ये एकही पिढी न सोडता चालला. हे तिघे शापाच्या गोष्टीत कधी येत नाहीत, कारण त्यांच्याविषयी सांगण्याजोगे नवल काही घडलेले नाही.

वाळूचीही तीच कथा. के. एन. गणेशय्या यांच्यासारख्या अभ्यासकांनी तळकाडच्या वाळूचा संबंध नदीच्या वरच्या अंगाला विजयनगरच्या अमदानीत घातलेल्या माधवमंत्री बंधाऱ्याशी जोडला आहे. पाणी अडले, पात्रातील वाळू उघडी पडली आणि वाऱ्याने ती गावावर नेली, अशी त्यांची उपपत्ती आहे. आणि तो बंधारा चौदाव्या शतकातला, म्हणजे अलमेलम्मेच्या कितीतरी आधीचा. झाडावर कावळा बसला आणि त्याच वेळी फळ पडले, एवढ्यावरून कावळ्याने फळ पाडले असे ठरविण्याला आपल्याकडे काकतालीय म्हणतात. येथे तर फळ गळू लागल्यानंतर कावळा आला, असे म्हणावे लागेल.

बाळ, हा मनुष्यमात्राचा दोष आहे, केवळ म्हैसूरकरांचा नव्हे. फ्रान्सिस बेकनने १६२० साली आपल्या ग्रंथात एक जुनी गोष्ट दिली आहे: नवस करून जहाजफुटीतून वाचलेल्यांची चित्रे देवळात दाखविली गेली, तेव्हा पाहणाऱ्याने विचारले की नवस करूनही जे बुडाले त्यांची चित्रे कोठे आहेत? १९६० साली पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांपुढे २, ४, ६ असे अंक ठेवून, आपणही तसे अंक सुचवीत जाऊन त्यांमागचा नियम शोधा, असे सांगितले. नियम एवढाच होता की अंक चढत्या क्रमाने असावेत. पण पुष्कळांनी दोन-दोनांनी वाढण्याचा नियम मनात धरला आणि त्याला अनुकूल असेच अंक ते सुचवीत राहिले. आपली कल्पना खोटी ठरविणारा एखादा अंक घालून पाहावा, हे फार थोड्यांना सुचले.

भाऊजींच्या युक्तिवादातील वैगुण्य नेमके हेच आहे. ज्यांचा डोळा गेला त्यांची वार्ता साऱ्या गल्लीभर झाली. ज्यांची शस्त्रक्रिया निर्वेध पार पडली ते सकाळी ओट्यावर बसून वर्तमानपत्र वाचतात, आणि त्यांची नोंद कोणी ठेवीत नाही. एवढे तू बरोबर ओळखलेस. परंतु पुढे तू जे केलेस ते मला पसंत नाही. युक्तिवाद सदोष ठरला म्हणून निष्कर्षही खोटा शाबीत झाला, असे मानणे हा स्वतंत्र तर्कदोष आहे. शस्त्रक्रियेत धोका असतोच; तो किती, आणि भाऊजींच्या प्रकृतीला तो किती लागू, हे तुझ्या यादीत लिहिलेले नाही, ते नेत्रवैद्यालाच विचारले पाहिजे. अलमेलम्मेच्या बाबतीतही शापाचे भाकीत टिकत नाही म्हणून तिच्यावर अन्याय झाल्याची लोकस्मृती टाकाऊ ठरत नाही. जिंकणाऱ्यांच्या कुळातच तिची पूजा होते असे येथे सांगतात. त्या पूजेमागचा पश्चात्ताप समजून घेण्यास शापावर विश्वास असावा लागत नाही. भाऊजींच्या दाखल्यामागेही भय आहे, आणि ते अगदी खरे आहे.

आपल्या न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार केले आहेत: सत्य शोधण्यासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःचे काही न मांडता केवळ दुसऱ्याचे खोडून काढणे ही वितंडा. हेत्वाभासांचे, म्हणजे तर्कदोषांचे, ज्ञान तिन्हींत कामी येते, म्हणून ते कोणत्या हेतूने वापरतो याची जबाबदारी ज्याच्या हाती ते आहे त्याच्यावर येते. वडिलांपुढे ते वितंडेसाठी वापरणे तुला शोभत नाही.

तेव्हा माझी मसलत अशी. प्रथम भाऊजींचे म्हणणे त्यांच्याहूनही नीट मांडून दाखव, इतके की ‘होय, हेच मी म्हणतो’ असे त्यांनी आपण होऊन म्हणावे. मग त्यांना विचार, कोणती गोष्ट कळली तर तुमचे मत बदलेल? आणि हाच प्रश्न आधी स्वतःला विचारून त्याचे उत्तर कागदावर लिहून ठेव, म्हणजे पुढे सोयीप्रमाणे शब्द फिरविण्याची मुभा दोघांनाही उरणार नाही. त्यानंतर दोघे मिळून गल्लीतील शस्त्रक्रिया झालेल्या सर्वांची, बरे झालेल्यांची आणि न झालेल्यांचीही, जबानी घ्या आणि ती घेऊन वैद्याकडे जा. जो निवाडा होईल तो दोघांचा असेल, आणि मला तो तपशीलवार कळव.

ताईस व भाऊजींस सा. नमस्कार.

तुझा,
मामा