शाईतला जप

दासबोधातल्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास मला विशेष आवडतो. ब्रह्म, माया, विवेक असं सगळं सांगून झाल्यावर समर्थ चक्क अक्षर कसं काढावं ते शिकवायला बसतात. अक्षर गोल, सुटं हवं. ओळ सरळ हवी. आणि ग्रंथ संपेपर्यंत वळण बदलता कामा नये. शाळामास्तरी वाटेल, पण मला ती ध्यानाचीच तालीम वाटते. पोथी उतरवणाऱ्याचं मन भरकटलं, की पहिली चुगली वेलांटी करते.

आमची आजी लिखित जप करायची. भाताला उकळी येईस्तोवर ओट्याशेजारीच वही उघडून दोन ओळी रामनाम, लाल शाईत. वहीच्या कडांना हळदीची बोटं. ध्यानाला बसलेली मात्र तिला कुणी पाहिली नाही.

मी पहाटे रोजनिशी लिहिते. पहिलं पान उणीदुणी काढण्यात जातं, कोण काय बोललं वगैरे. मग हात मंदावतो, वाक्यं आखूड होतात. तेव्हा पेन ठेवून नुसतं बसायचं. हे बसणं आधी जमत नाही. मनातली भांडी घासून व्हावी लागतात.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. दुसऱ्याचं बोलणं असं टिपताना ‘मी’ला मध्ये तोंड घालायला फुरसतच नसणार! म्हणून आता रोजनिशीआधी ज्ञानेश्वरीतली एकेक ओवी उतरवायची म्हणते. तीही बोरूने. बोरू कुठे मिळतो, ते विचारायला हवं.